नानांसाठी डिस्क शोधताना

गेल्या आठ महिन्यांत मी सिनेमाच्या चौदा डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या पाचच कामाच्या निघाल्या. उरलेल्या नऊ बघायला उत्तम आहेत, पण मला त्या बघायच्या नव्हत्या, ऐकवायच्या होत्या.

रोज रस्ते, पाणी आणि बाजार समितीवर लिहिणारा माणूस आज हे काय घेऊन बसलाय, असं वाटेल. थोडा धीर धरा, विषय सार्वजनिकच आहे.

आमच्या गावातली टॉकीज बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथे तीसेक वर्षं मशीनवर असलेले ऑपरेटर माझ्या गल्लीत राहतात. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही नानाच म्हणतो. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. घरी टीव्ही दिवसभर चालू असतो आणि नाना त्याच्याकडे पाठ करून बसतात. गेल्या वर्षी दिवाळीत फराळाला गेलो होतो. सहज म्हणालो, "नाना, सिनेमा लावू का एखादा?" तर म्हणाले, "या डब्यातनं? चित्र तर गेलंच. आता आवाज तरी धड ऐकीव की कुठंतरी."

आवाज हा नानांचा जुना सल आहे. त्यांच्या टॉकीजमध्ये पडद्यामागे एकच मोठा भोंगा होता. फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असायची, एक्सायटर लॅम्पचा उजेड तिच्यातून जायचा आणि पलीकडे त्याचा आवाज व्हायचा. तो लॅम्प काळा पडला की आवाज बसायचा, मग खालून शिट्ट्या. 'शोले' 1975 साली मुंबईत 70 एमएमवर सहा ट्रॅकच्या स्टिरिओफोनिक आवाजात लागला. हवेत उडवलेलं नाणं खाली पडलं की लोक आपल्या खुर्चीखाली वाकून बघायचे, असं तेव्हा सांगायचे. आमच्याकडे तोच सिनेमा 35 एमएमवर आला, पेटी एसटीच्या टपावरून. नानांनी तो किती वेळा चालवला याचा हिशेब नाही, पण नाणं कायम त्या एका भोंग्यातच पडलं.

तर मी ठरवलं, नानांना एकदा सिनेमा पूर्ण ऐकवायचा. आमच्या पेपरच्या ऑफिसवर एक खोली रिकामी होती, जुन्या अंकांचे गठ्ठे हलवले. पुण्यात बुधवारातल्या तपकीर गल्लीत दोन चकरा मारून वापरलेला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर गोळा केले. समोर तीन, मागे दोन, एक वूफर आणि वर छताला दोन. या धंद्यात त्याला 5.1.2 म्हणतात. नंतर 4के डिस्क चालवणारा प्लेअरही सेकंडहँडच मिळाला. खर्चाचा आकडा लिहीत नाही, बायको पोस्ट वाचते.

छताचे दोन स्पीकर महत्त्वाचे. पूर्वीच्या सराउंडमध्ये आवाज भोवताली फिरायचा, डोक्यावर येत नव्हता. 2012 साली डॉल्बी ॲटमॉस आलं. त्याच वर्षी हॉलिवूडचा 'ब्रेव्ह' आणि डिसेंबरात आपल्याकडे रजनीकांतच्या 'शिवाजी'ची थ्रीडी आवृत्ती ॲटमॉसमध्ये लागली. यात आवाज 'या स्पीकरला द्या, त्या स्पीकरला द्या' असा बांधलेला नसतो. हेलिकॉप्टरचा आवाज हा एक स्वतंत्र तुकडा, आणि तो खोलीत कुठून कुठे जातो याचा पत्ता त्याच्यासोबत लिहिलेला. थिएटरमध्ये असे 128 पर्यंत तुकडे एका वेळी असू शकतात. घरातलं यंत्र तो पत्ता वाचतं आणि तुमच्याकडे जेवढे स्पीकर आहेत त्यांच्यात आवाज वाटून देतं. डीटीएस:एक्स आणि बेल्जियमहून आलेलं ऑरो-थ्रीडी ही याचीच चुलत भावंडं. कमल हासनच्या 'विश्वरूपम'मध्ये ऑरो होतं.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या ॲपवर ॲटमॉस लिहिलेलं असतंच की, डिस्क कशाला हुडकायची? मलाही तसंच वाटलं होतं. पहिला महिना त्यातच गेला. माझा टीव्ही जुना, त्यातून ॲम्प्लिफायरला आवाज जायचा तो ऑप्टिकल केबलनं, आणि त्या केबलीतून ॲटमॉस जातच नाही. हे कळायला तीन रविवार लागले. मग ॲपचा वेगळा डबा आणून थेट एचडीएमआयनं जोडला. ॲटमॉसचा दिवा लागला. आवाज वरून आला खरा, पण पातळ. ॲपवरचं ॲटमॉस सेकंदाला जास्तीत जास्त 768 किलोबिटमध्ये बसवलेलं असतं. डिस्कवर तोच आवाज डॉल्बी ट्रूएचडी या रूपात, एक दाणाही न सांडता, साधारण चार-पाच हजार किलोबिटनं येतो. लग्नाचा फोटो व्हॉट्सॲपवरून आला की कसा चोपून येतो, तसा हा फरक. डोळे असलेला माणूस चित्रात गुंततो, त्याला हे जाणवणार नाही. नाना पाच मिनिटांत म्हणाले, "ह्यो गाळून आलाय."

शिवाय आमच्याकडचं नेट. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव एकदम ऑनलाइन येतं आणि आवाज ॲटमॉसवरून गुपचूप साध्या सराउंडवर उतरतो. चित्र अडकलं तर गोल चक्र दिसतं. आवाज उतरला तर कुणी सांगत नाही.

म्हणून डिस्क. आणि इथून माझी फसगत सुरू.

पहिली डिस्क घेतली 'ग्रॅव्हिटी'ची. हा सिनेमा 2013 साली थिएटरमध्ये ॲटमॉसमध्ये होता, ध्वनीची दोन्ही ऑस्कर त्याला मिळाली. डिस्क आली, लावली, छतातले स्पीकर मुके. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की पहिल्यांदा निघालेल्या ब्ल्यू-रेवर साधा 5.1 आहे, आणि ॲटमॉस आहे ते 2015 साली वेगळ्या काढलेल्या 'डायमंड लक्स' आवृत्तीत. नाव तेच, पोस्टर जवळपास तेच. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, दोन्ही ओरिजिनल आहेत." तेही खरंच होतं.

तेव्हापासून डिस्क पुढून बघायची नाही, मागून बघायची. मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरात भाषा आणि आवाजाचा तक्ता असतो. 'डॉल्बी डिजिटल' म्हणजे ॲटमॉस नव्हे. आणि तक्ता भाषेगणिक वाचायचा. मी घेतलेल्या परदेशी सिनेमांच्या डिस्कवर इंग्रजीला ॲटमॉस आणि हिंदीला साधा 5.1 असाच प्रकार निघाला. म्हणजे छत फक्त इंग्रजी येणाऱ्यालाच. काही कंपन्या ॲटमॉस फक्त 4के डिस्कवर देतात आणि त्याच सिनेमाच्या साध्या ब्ल्यू-रेवर देत नाहीत. उलट 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'च्या साध्या ब्ल्यू-रेवरही ॲटमॉस आहे. नियम म्हणून काही नाही, प्रत्येक डिस्कची कुंडली वेगळी काढायची. 4के म्हणजे आवाजही भारी असेल हाही गैरसमज. क्रिस्टोफर नोलनला ॲटमॉस नकोच असतं. त्याच्या 'ओपनहायमर'ची डिस्क 4के आहे आणि आवाज 5.1. ती मी घेऊन बसलोय.

सगळ्यात जास्त जीव लागला होता 'रोमा'मध्ये. आल्फोन्सो कुआरोनचा हा सिनेमा मेक्सिको सिटीतल्या एका घरातल्या कामवालीचा. त्यात पार्श्वसंगीतच नाही, सगळा सिनेमा रस्त्यावरच्या, अंगणातल्या आणि समुद्राच्या आवाजांवर चालतो. म्हटलं, नानांसाठी याहून चांगलं काय असणार. तो मुळात नेटफ्लिक्सचा, पण 2020 साली अमेरिकेतल्या क्रायटेरियननं त्याची ॲटमॉस असलेली ब्ल्यू-रे काढली. पुण्याच्या मित्राचा मुलगा तिकडे शिकतो, त्याच्याकरवी मागवली. लावली तर पडद्यावर पाटी: या विभागात ही डिस्क चालणार नाही. ब्ल्यू-रेवाल्यांनी जगाचे तीन तुकडे केलेत. अमेरिका ए, युरोप बी आणि भारत, चीन, रशिया वगैरे सी. डिस्क पैसे मोजून घेतलेली, प्लेअर पैसे मोजून घेतलेला, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. 4के डिस्कला हा त्रास नाही, त्यांना विभागच ठेवलेला नाही. एवढी एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली.

कामाच्या पाच डिस्कमधली एक मात्र वसूल झाली. 'जुरासिक पार्क'. 1993 साली डीटीएसचा थिएटरमधला प्रवास याच सिनेमानं सुरू झाला. पुढच्या वर्षी त्याची हिंदी आवृत्ती आपल्याकडे आली, आमच्या टॉकीजलाही लागली, आणि नानांनी ती चालवली, त्याच भोंग्यातून. 2018 साली निघालेल्या 4के डिस्कवर डीटीएस:एक्स आहे. हा सिनेमा नानांना रिळागणिक पाठ. कुठे जोड येतो, कुठे पेल्यातलं पाणी थरथरतं, सगळं. त्यामुळे चित्राची गरज नव्हती आणि इंग्रजीची अडचणही नव्हती.

पावसात गाड्या बंद पडतात तो प्रसंग आला. पाऊस डोक्यावर, गाडीच्या टपावर पडायला लागला. नानांनी मान वर केली आणि तशीच ठेवली. डायनासोरचं पाऊल वाजलं तेव्हासुद्धा मान खाली नाही. प्रसंग संपल्यावर म्हणाले, "एवढा पाऊस होता व्हय यात? आपल्याकडं आलाच न्हाई."

मग साहजिकच पुढचं वाक्य आलं. "आता आपलं काहीतरी लाव. मराठी."

इथं माझं सगळं घोडं अडलं.

मराठी सिनेमाची ॲटमॉस सोडाच, धड सराउंड आवाजाची डिस्क मिळवायला मी चार महिने घातले. सोलापूर, पुणे, मुंबईत लॅमिंग्टन रोड. एके काळी मुंबईत काळा घोड्याजवळ ऱ्हिदम हाउस होतं, तेही 2016 साली बंद झालं. आमच्या स्टँडसमोरच्या दुकानात अजून एका खोक्यात जुन्या व्हीसीडी आहेत, 2006-07 च्या सुमाराच्या, तेव्हा मोझर बेअरनं 28 रुपयांत व्हीसीडी आणली होती त्या काळातल्या. त्या स्वस्ताईनं मराठी सिनेमा घरोघर पोचला हे मान्यच करायला हवं. पण व्हीसीडीत आवाजाच्या जागाच दोन, डावी आणि उजवी. जे काही दिग्दर्शकानं मागे किंवा वर ठेवलं असेल ते सगळं दाबून समोर.

मला हवा होता 'सैराट'. आमच्या जिल्ह्यातला सिनेमा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, चित्रीकरणही करमाळ्याच्या परिसरातलं. आणि त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट लॉस एंजेलिसला गेले होते. सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, जिथे हॉलिवूडचे सिनेमे वाजतात, तिथे सगळा वाद्यवृंद समोर बसवून ती गाणी वाजवली. 29 एप्रिल 2016 ला सिनेमा लागला तेव्हा मी सोलापुरात बघितला. व्हायोलिनं भिंतीभिंतीतून येत होती. म्हणजे आमच्या उसाच्या फडातला आवाज कॅलिफोर्नियाला जाऊन आला, पण तो तसाच्या तसा घरात ठेवता येईल अशी डिस्क मला करमाळ्यापासून तासाभराच्या अंतरावर मिळत नाही.

एका निर्मितीसंस्थेच्या ऑफिसात फोन लावला (या सिनेमाच्या नव्हे, दुसऱ्याच). तिथला माणूस सज्जन होता. म्हणाला, "दादा, डिस्क घेतं कोण? हजार प्रती काढल्या तर नऊशे गोडाउनला राहतील." त्याचं काय चुकलं? सॅमसंगनं 2019 मध्ये ब्ल्यू-रे प्लेअर बनवणं थांबवलं. नेटफ्लिक्सनं 2023 च्या सप्टेंबरात टपालानं डिस्क पाठवायचं आपलं मूळ कामच बंद केलं. जिथे हा धंदा जन्मला तिथे तो आटतोय, तर आमच्या तालुक्यात कोण चालवणार? धंद्याच्या हिशेबानं डिस्क परवडत नाही, यावर माझा वाद नाही.

माझा प्रश्न निराळा आहे. मग तो पूर्ण आवाज राहतो कुठे?

थिएटरला हल्ली फिल्मची पेटी येत नाही. कुलूपबंद डिजिटल फाइल येते, हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून. तिची चावी ठरावीक तारखांपुरतीच असते. तारीख उलटली की फाइल असून नसल्यासारखी. नानांच्या वेळी निदान एखादी जुनी प्रिंट कुठल्या तरी डेपोत पडून राहायची, आता तेही नाही. ॲपवर सिनेमा असतो तो करार असेपर्यंत. आज आहे, पुढच्या महिन्यात नाही, आणि आहे तोही कुठल्या आवाजात हे ॲपवाल्याच्या मर्जीवर. मूळ मिक्स निर्मात्याच्या कपाटातल्या एखाद्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क दहा-पंधरा वर्षं हात न लावता पडली तर पुढे काय होतं, हे कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला विचारा.

आपला या बाबतीतला इतिहास काही अभिमानाचा नाही. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', 1931. त्याची एकही प्रिंट आज नाही. ज्या सिनेमानं देशाला पडद्यावरचा आवाज दिला, त्याचाच आवाज गेला. 2003 च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि तिथली नायट्रेटची रिळं जळाली, त्यांत प्रभातचे सिनेमेही होते. आता राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या फिल्म दुरुस्त करून जपायचं मोठं काम चालू आहे. 2022 साली त्यासाठी 363 कोटी जाहीर झाले. चांगलंच आहे. पण ते मागे गेलेल्याला वाचवणं झालं. आणि संग्रहालयात सिनेमा सुखरूप आहे म्हणून आमच्या नानांना तो ऐकायला मिळतो असंही नाही.

महाराष्ट्र सरकार मराठी सिनेमांना अनुदान देतं. तुमच्या-माझ्या पैशातून देतं. त्या अनुदानाला एक साधी अट जोडायला काय हरकत आहे, की ठरावीक वर्षांनंतर सिनेमाची पूर्ण आवाजासह एक प्रत, डिस्क म्हणा की फाइल म्हणा, निदान प्रत्येक जिल्ह्याच्या एका मोठ्या ग्रंथालयात बसून बघण्या-ऐकण्यासाठी ठेवायची? ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे 1967 पासून आहे, अनुदानित वाचनालयांचं जाळं गावागावात आहे. पुस्तक निघालं की प्रकाशकानं त्याच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायच्या, हे 1954 च्या कायद्यानं बांधलेलं आहे. सिनेमा वाचनालयात ठेवायचा म्हटलं की लोक हसतात. आमच्या वाचनालयात तीन खोल्या आहेत, त्यातल्या एकीत फक्त मोडक्या खुर्च्या आहेत. तिथं आठ स्पीकर आरामात बसतील. मी मोजून आलोय.

आणि नानांसारख्यांसाठी अजून एक गोष्ट लागते, ती मला फार उशिरा कळली. मार्चात 'सैराट'ची डिस्क मिळण्याची आशा सोडली आणि एका ॲपवर होता तसा लावला. मला तरी तो दोनच चॅनेलांत मिळाला. नानांनी तो बघितलेला नव्हता. 2016 पर्यंत नजर बरीच गेली होती. शेवट काय हे जिल्ह्यात कुणाला माहीत नाही, त्यामुळे नानांनाही माहीत होतंच. गाण्यांना त्यांनी मांडीवर ताल धरला. विहिरीच्या प्रसंगाला हसले. आर्चीच्या बोलण्याला तर दोनदा "वा गं" म्हणाले.

शेवट आला. ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल, तिथे दिग्दर्शकानं आवाज काढूनच टाकलाय. सगळा.

नाना म्हणाले, "लाईट गेली व्हय रे?"

म्हटलं, "नाही नाना. चालू आहे."

"मग केबल बघ की."

"केबल ठीक आहे. आवाजच ठेवलेला नाही इथं."

ते थोडं थांबले. मग म्हणाले, "काय दिसतंय, सांग."

मी सांगायला लागलो. लेकरू आत येतं. रडतंय, पण ऐकू येत नाही. मग बाहेर चालत जातंय, पावलं उमटतायत. पुढचं मला नीट सांगता आलं नाही. वीस वर्षं बातम्या लिहितोय, अपघात, खून, सगळं लिहितोय, पण बोलायला लागणारे दोन शब्द मिळेनात.

दृश्यवर्णन म्हणून एक वेगळा आवाजाचा ट्रॅक असतो. संवादांच्या मधल्या जागेत कुणीतरी थोडक्यात सांगतं, पडद्यावर काय चाललंय. तो अंध प्रेक्षकांसाठी असतो. 'पठाण'च्या वेळी, 2023 च्या जानेवारीत, दिल्ली उच्च न्यायालयानं निर्मात्यांना ॲपवरच्या आवृत्तीसाठी तो करायला सांगितलं होतं. 2024 च्या मार्चमध्ये केंद्रानं थिएटरमधल्या सिनेमांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. म्हणजे कल्पना नवी नाही, यंत्रणाही नवी नाही. माझ्या चौदापैकी तीन परदेशी डिस्कवर तो ट्रॅक आहे, इंग्रजीत. मराठीत तो मी एकाही सिनेमाला अजून ऐकलेला नाही. वर अनुदानाच्या अटीचं लिहिलंय, त्यात हेही घाला.

नाना नंतर बराच वेळ गप्प होते. जाताना जिन्यात म्हणाले, "आमच्या टायमाला असा आवाज गेला असता तर पब्लिकनं खुर्च्या मोडल्या असत्या. आन् हितं कुणी मोडल्या न्हाईत?" म्हटलं, "नाही नाना. कुणी हललं नव्हतं."

आता काम. आमदारसाहेबांना वाचनालयाच्या खोलीचं आणि अनुदानाच्या अटीचं निवेदन सोमवारी देतोय. सही करायची असेल त्यांनी ऑफिसला यावं, दहा ते सहा. दुसरं, 'सैराट'ची किंवा कुठल्याही मराठी सिनेमाची सराउंड आवाजाची ओरिजिनल डिस्क कुणाच्या कपाटात पडली असेल तर कळवा. मागचा तक्ता वाचून मगच कळवा. पेन ड्राइव्हवर भरून देतो म्हणणाऱ्यांचे आभार, पण ते नको. आणि तिसरं, विभाग ए ची डिस्क चालवणारा प्लेअर जिल्ह्यात कुणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी हवाय. सोलापूर, पंढरपूर, कुठेही न्यायला येतो. 'रोमा' अजून खोक्यातच आहे.